नाथसागरावर पाखरं बघायला जाताय? आधी किनारा शोधा

एका मार्चमध्ये सोनेवाडीच्या बाजूला मला एक जागा सापडली होती. वाकडी बाभूळ, तिच्यापुढे ओल्या गाळाचा पट्टा आणि त्यावर शेकाट्यांची, तुतवारांची नुसती झुंबड. मोबाइलच्या नकाशावर लगेच खूण करून ठेवली. पुढच्या नोव्हेंबरात, थंडीच्या पहिल्याच रविवारी, चार मित्रांना घेऊन त्या खुणेवर निघालो. नकाशा म्हणत होता, अजून सहाशे मीटर. पायापुढे मात्र पाणीच पाणी. बाभळीचा शेंडा तेवढा वर दिसत होता आणि त्यावर एक पाणकावळा पंख पसरून अंग वाळवत बसला होता.

शेजारी जाळं आवरणाऱ्या मामांनी विचारलं, "काय हुडकायलात?" सांगितल्यावर ते हसले. "ती जागा पाण्यात गेली की! संक्रांतीनंतर या. तवर ती बी वर येती अन् पाखरं बी."

जायकवाडीला, म्हणजे पैठणच्या धरणामागच्या या नाथसागरावर, पक्षी बघायला जाणाऱ्या बहुतेकांचं इथंच चुकतं. 'अमुक ठिकाणी फ्लेमिंगो दिसतात' असं कुणीतरी सांगतं, माणूस तिथं जातो, चार बगळे बघून परत येतो आणि म्हणतो, तिथं काही नाही. पक्षी असतात. किनारा हललेला असतो. म्हणून या लेखात पक्ष्यांच्या आधी पाण्याबद्दल बोलू.

परातीतलं पाणी

मराठवाड्याला समुद्र नाही, पण पैठणच्या बांधावर उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसत नाही. लोक त्याला सागर म्हणतात ते काही उगीच नाही. गोदावरीवरच्या या धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी झाली आणि उद्घाटन इंदिरा गांधी यांच्या हस्ते २४ फेब्रुवारी १९७६ रोजी. भिंत साधारण दहा किलोमीटर लांब, बहुतेक मातीची, दरवाजे २७. मागे साठलेलं पाणी धरण भरलं की सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरतं. संत एकनाथांच्या गावचं पाणी म्हणून त्याचं नाव नाथसागर.

पक्ष्यांच्या दृष्टीनं महत्त्वाचं काय, तर इथं गोदाकाठ सपाट आहे. कोयनेसारखी डोंगरात कोंडलेली खोल दरी इथं नाही. कोयनेचं पाणी तांब्यातलं म्हटलं, तर जायकवाडीचं परातीतलं. परातीतलं पाणी बोटभर उतरलं तरी कड हातभर मागे सरकते. पातळी फूटभर घटली की काही ठिकाणी शेकडो पावलं गाळ उघडा पडतो. त्या गाळात किडे, अळ्या, गोगलगायी, शिंपले, पाणवनस्पतींची मुळं असं सगळं ताट वाढलेलं असतं. हिमालयापलीकडून येणारी पाखरं या उथळ कडेसाठी इथं उतरतात, मधल्या खोल पाण्याशी त्यांचं फारसं देणंघेणं नाही. १९८६ मध्ये या जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र ३४१ चौरस किलोमीटर, इकडे पैठण-गंगापूर तालुके, तिकडे शेवगाव-नेवासा. म्हणजे हे अभयारण्य जवळपास सगळं पाण्यावरच आहे. फाटक, तिकीटखिडकी आणि 'वाघ इकडे' छाप पाट्यांची सवय असलेल्याला इथं आल्यावर क्षणभर कळतच नाही, नेमकं शिरायचं कुठून.

घरबसल्या पहिलं काम: पातळी बघा

आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत जायकवाडीची पातळी पावसाळ्यात रोज आणि पुढे अधूनमधून छापून येते. संभाजीनगरकरांना पिण्याचं पाणी तिथूनच येतं, त्यामुळे ती बातमी वाचायची सवय प्रत्येकाला आहे. पक्ष्यांसाठी ती जरा वेगळ्या नजरेनं वाचायची.

पूर्ण भरलेल्या धरणाची पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट. टक्केवारी दिलेली असते ती जिवंत, म्हणजे नेहमी वापरता येणाऱ्या साठ्याची, आणि तो २१७१ दशलक्ष घनमीटर धरतात. त्याच्याखाली ७३८ दशलक्ष घनमीटरचा मृतसाठा असतो. म्हणून 'जायकवाडी शून्यावर' असा मथळा वाचून पक्ष्यांचा बेत रद्द करू नका. शून्य टक्क्यालाही तिथं मोठं तळं शिल्लक असतं.

उलटा नियम मात्र लक्षात ठेवा. धरण शंभर टक्के भरलं, दरवाजे उघडले, जलपूजन झालं, सगळा मराठवाडा खूश, की ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपण काठावर कोरडे. पाणी थेट बाभळी-बोरींपर्यंत आणि शेताच्या बांधापर्यंत आलेलं असतं, गाळाचा पट्टा नसतो, बदकं दूर मध्यावर ठिपक्यांएवढी दिसतात. अशा वर्षी महिना-दीड महिना उशिरा जा. पाऊस बेताचा झालेल्या वर्षी दिवाळी झाली की निघायला हरकत नाही.

कोणत्या महिन्यात काय

पावसाळ्यात जाऊ नका. काळी माती गाडीची चाकं धरून ठेवते आणि नाशिककडून पाणी सुटलं की काठ रातोरात बदलतो. नोव्हेंबरात बदकांचे पहिले थवे उतरतात. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो (५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा). त्या आठवड्यात अनुभवी लोकांबरोबर फेरी जमली तर जरूर जावं.

भर हंगाम म्हणजे डिसेंबरचा दुसरा पंधरवडा आणि जानेवारी. बदकं, पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले रानहंस), चक्रवाक सगळे हजर. वाटेत हुरडा मिळतो हा वरचा फायदा, आणि मुलांना पहाटे चारला उठवायला हुरड्याइतकं चांगलं आमिष दुसरं नाही.

फेब्रुवारी-मार्च माझा आवडता. पाणी हटलेलं, गाळ उघडा, चिखलात चोची खुपसणारी तुतवार-टिवळ्यांची पलटण आणि नशीब असेल तर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. फक्त नाथषष्ठीचे दिवस टाळा. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणात लाखो वारकरी असतात, दिंड्यांनी रस्ते भरलेले असतात, तेव्हा दुर्बीण घेऊन गाडी काढणं म्हणजे स्वतःच्या हातानं कोंडी ओढवून घेणं. दर्शनाला जायचं असेल तर दर्शनालाच जा.

एप्रिल-मेमध्ये पाहुणे परतलेले असतात. राहतात ते इथले: नदी सुरय, टिटव्या, शेकाटे. बेटांवर आणि उघड्या मातीवर त्यांची अंडी असतात, खड्यांत खडे मिसळावेत अशी. त्या दिवसांत नवख्यानं काठावर पायी फिरूच नये. पायाखाली काय आलं ते कळणारही नाही, आणि ऊन ४२ अंशांचं.

कोणत्या काठाला, आणि सूर्य कुठे

ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. दोन हंगाम फुकट घालवून शिकलो. धरण जलाशयाच्या पूर्व टोकाला आहे. पैठणच्या बाजूनं पाण्याकडे बघताना तुमचं तोंड पश्चिमेला असतं, म्हणजे सकाळी सूर्य पाठीशी आणि प्रत्येक पिसाचा रंग स्वच्छ. त्याच जागी संध्याकाळी गेलात तर सूर्य डोळ्यांत, पाणी चकचकतं आणि सगळी बदकं काळी. मी कित्येक संध्याकाळी 'काळं बदक' बघून घरी आलो आहे.

तेव्हा सकाळ पैठणच्या बाजूला: सोनेवाडी आणि त्या अंगाची गावं. संध्याकाळ असेल तर वरच्या टोकाला, संभाजीनगर-अहिल्यानगर रस्त्यावरच्या कायगाव टोक्याला. तिथं प्रवरा गोदावरीला मिळते, जुनी देवळं आहेत, घाट आहे आणि पुलाच्या आसपास रस्त्यापासून फार न चालता पाणपक्षी दिसतात. गुडघे दुखणाऱ्या मंडळींना नेण्यासारखी जागा हीच. शेवगावच्या अंगाला एरंडगावकडचा काठही चांगला, पण तिकडे ओळखीचा माणूस बरोबर असावा. एका दिवसात दोन्ही टोकं गाठायचा हट्ट करू नका. गाडी चालवण्यातच दिवस जातो.

नेमका पाण्याचा काठ कुठे आहे हे मात्र नकाशावर विसंबून ठरवू नका. उपग्रहाचं चित्र कोणत्या महिन्यातलं आहे कुणास ठाऊक. गावात शिरताना पहिल्या टपरीवर थांबायचं, चहा घ्यायचा आणि विचारायचं, "मामा, पाणी कुठवर आलंय? गाळावर गाडी जाईल का?" 'पक्षी कुठे आहेत' हा प्रश्न दुसरा. पाणी कुठे आहे ते कळलं की निम्मं उत्तर मिळालेलं असतं. आणि 'पक्षी' म्हणण्याऐवजी 'मोठी बदकं', 'लाल पायांची पाखरं' असं विचारा, उत्तर पटकन मिळतं.

आधी गावात तालीम

नवी दुर्बीण घेऊन थेट नाथसागरावर जाऊ नका. तिथं अंतर मोठं, पक्षी हजारो आणि सगळे एकमेकांत मिसळलेले. डोकं गरगरतं. त्याआधी दोन-तीन रविवार संभाजीनगरातच दिल्ली गेटजवळच्या सलीम अली सरोवरावर घालवा. टिबुकली, जांभळी पाणकोंबडी, वंचक, राखी बगळा, खंड्या एवढ्यांशी ओळख झाली तरी पुरे. डोळ्यानं पक्षी धरून, नजर न हलवता दुर्बीण डोळ्याशी आणायची, ही खरी कसरत. ती तळ्याकाठी शिकावी. नाथसागरावर शिकत बसलात तर दुर्बीण डोळ्याला लागेपर्यंत थवा शेवगावला पोचलेला असतो.

दुर्बीण ८ × ४२ ची घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसणार याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरचा. १२ किंवा १६ पटीची बघून मोहात पडू नका. जितकी पट जास्त तितकी हाताची थरथर जास्त आणि दिसणारा तुकडा लहान. पाच जणांत एखाद्याकडे तिपाईवरची दुर्बीण असेल तर त्याला गाडीत पुढची सीट द्या.

झोळीत काय

मातकट किंवा मळखाऊ रंगाचे कपडे. पांढरा शर्ट, भगवं जर्किन, चकाकणारी टोपी घरी. (काठावरचा शेतकरी पांढरं धोतर नेसून बदकांपासून वीस पावलांवरून जातो आणि एकही उडत नाही, हे तुम्हाला दिसेलच. तो रोजचा आहे. तुम्ही नाही.) पहाटे कडाक्याची थंडी आणि दहाला घाम, म्हणून अंगावर थर असू द्या. वहाणा नकोत, घोट्याच्या वरपर्यंत येणारे जुने बूट हवेत, आणि गाडीत एक जास्तीचा मोजा-बुटाचा जोड. माणशी दोन लिटर पाणी. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून न्या. वेफरच्या पिशव्या नकोत, वाऱ्यानं त्या थेट पाण्यात जातात. काठावर स्वच्छतागृह नाही, ही सोय पैठण गावातच उरकून घ्या, आणि बरोबर बायका-मुली असतील तर बेत आखतानाच याचा विचार करा.

निघायची वेळ

संभाजीनगरहून पैठण सुमारे ५० किलोमीटर. चितेगाव, बिडकीन, ढोरकीन असा रस्ता. पैठणला रेल्वे नाही. लातूर, परभणी, नांदेडकडून येणाऱ्यांनी रेल्वेनं संभाजीनगर गाठावं किंवा आदल्या रात्री पैठणात मुक्काम करावा. एसटी पैठणपर्यंत नेते, पुढे काठापर्यंत रिक्षा ठरवावी लागते, आणि परतीची वेळ रिक्षावाल्याशी आधीच ठरवून घ्या.

डिसेंबरअखेर सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेसहाला काठावर असायचं तर शहरातून पाचला निघा. ऊस घेऊन चाललेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या या दिवसांत रस्त्यावर असतात, मागे दिवा नसतो आणि धुकं असतं. गाडी बेतानं चालवा. पाच मिनिटं उशिरा पोचलात म्हणून पट्टकादंब काही तिबेटला परत जात नाहीत.

दहापर्यंत काम आटोपतं. त्यानंतर वारा सुटतो, लाटा उठतात आणि ऊन तापलं की दुर्बिणीत हवा पाण्यासारखी थरथरते. पक्षीही मग खोल पाण्यात जाऊन झोपा काढतात.

जवळ कसं जायचं

शक्य तिथं गाडीतूनच बघा. पक्ष्यांना माणसाची आकृती ओळखू येते, थांबलेली गाडी त्यांच्या लेखी मोठी म्हैस. काच खाली, गाडी बंद, गाणी बंद, आणि दार उघडायचंच असेल तर पाण्याच्या विरुद्ध बाजूचं.

पायी जायचं तर सरळ पक्ष्यांच्या रोखानं चालू नका. तिरकं, थांबत-थांबत, शेळ्या राखणारा पोरगा चालतो तसं. आणि पट्टकादंबांच्या मानांवर नजर ठेवा. एका जानेवारीत हरभऱ्याच्या शेतालगत साठेक पट्टकादंब चरत होते. सगळ्या माना खाली, गवत तोडल्याचा चर्र-चर्र आवाज आमच्यापर्यंत येत होता. आम्ही दहा पावलं पुढे झालो. कडेच्या दोघांनी माना वर केल्या. तिथंच थांबायला हवं होतं. आमच्यातला एकजण फोटोसाठी आणखी चार पावलं गेला. आता वीस-पंचवीस माना वर, आणि सगळा थवा हळूहळू पाण्याकडे चालायला लागला, घाईत नाही, पण तोंडं आमच्याकडे. मग एकानं घोगरा आवाज काढला आणि पुढच्या श्वासाला साठच्या साठ हवेत. त्यांची पहाटेची न्याहारी आम्ही चार पावलांत मोडली. फोटोत आली ती साठ शेपट्यांची रांग.

तेव्हा हिशेब सोपा: दोन माना वर झाल्या की थांबा. पाच मिनिटं हलू नका. माना परत खाली गेल्या तर बसून बघा, नाही गेल्या तर दहा पावलं मागे या. हे पक्षी हिमालय ओलांडून आलेले असतात आणि त्याच पंखांनी परतायचं असतं. प्रत्येक फुकटचं उड्डाण त्यांच्या चरबीतून वजा होतं.

ओळख कशी पटवायची

पुस्तक उघडून पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. आधी पक्षी काय करतोय ते बघा. पाण्यात पोहतोय, चिखलात चालतोय, काठावर गवत चरतोय की वर घिरट्या घालतोय? एवढ्यावरच तीन चतुर्थांश नावं गळतात. आणि मराठी नावं पाठ करा, कारण त्यांतच खूण सांगितलेली असते.

हळदी-कुंकू बदक घ्या. काळ्या चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं आणि चोच जिथं सुरू होते तिथं दोन्ही बाजूंना कुंकवाचा ठिपका. एकदा नाव ऐकलं की जन्मात विसरत नाही. थापट्याची चोच गवंड्याच्या थापीसारखी पुढे रुंद, ती पाण्याच्या वरच्या थरात फिरवत तो अन्न गाळतो. तलवार बदकाच्या नराची शेपटी तलवारीसारखी मागे निघालेली. भिवई बदकाच्या नराच्या डोळ्यावर पांढरी ठळक भिवई. शेकाट्याचे पाय काडीसारखे लांब आणि गुलाबी-लाल, इतके की उडताना ते मागे लोंबतात. उघड्या चोचीच्या करकोच्याची चोच मिटली तरी मधे फट राहते, गोगलगायी खायला सोयीची. चमच्याबद्दल तर सांगायलाच नको, चोच म्हणजे अक्षरशः चमचा, आणि तो पाण्यात डावीकडून उजवीकडे हलवत चालतो.

आणि वारकरी. सगळं अंग काळं, चोच पांढरी आणि तिच्यावर कपाळापर्यंत गेलेला पांढरा टिळा. शेकड्यांनी जमतात, पुढेमागे डुलत एकत्र पोहतात, आणि उडायचं झालं तर आधी पाण्यावरून पाय आपटत लांबवर पळतात. नाथांच्या पैठणात हा पक्षी सर्वांत मोठ्या दिंडीनं यावा, यात मला दरवर्षी नव्यानं गंमत वाटते. नवखे याला बदक समजतात. तो बदक नाही, पाणकोंबड्यांच्या कुळातला आहे. दुर्बिणीत बोटं दिसली तर बघा, बदकासारखा पडदा नसतो, प्रत्येक बोटाला वेगळ्या पाकळ्या असतात.

पट्टकादंब ओळखायला डोकं बघा: पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. चक्रवाक भगव्या-तपकिरी रंगाचा, बहुधा जोडीनं, लांबूनच आवाज देणारा. रात्री नदीच्या दोन काठांवर विरहात रडणारी जोडी म्हणून आपल्या काव्यात त्याला भारी मान. प्रत्यक्षात ही जोडी काठावर शेजारी-शेजारी बसून आरामात चरताना दिसते.

रोहित दिसतीलच याची खात्री कुणीही देऊ नये. दिसले तर आधी गुलाबी रंग दिसत नाही. लांबवर पांढरी फिकट रेघ दिसते, मेंढरांचा कळप असावा तशी. मग रेघेतलं एखादं पंख उघडतं आणि आत शेंदरी रंग भडकतो. अग्निपंख हे नाव तेव्हा पटतं. डोकं उलटं करून, वरची चोच खाली अशी धरून तो चिखलपाणी गाळतो. त्याला हवं असतं घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचं पाणी. म्हणून पुन्हा तेच: पातळी.

सगळा थवा एकदम उडाला तर आकाशात बघा. बहुधा वर भोवत्या किंवा दुसरा एखादा शिकारी पक्षी असतो. आपण उडवले असा अपराधी भाव दरवेळी घ्यायला नको.

गाळ, ऊस आणि कायदा

गाळ वरून भेगाळलेला, कोरडा दिसतो. खाली लोणी असतं. पाण्याकडे जाताना जिथं भेगा संपतात आणि माती चकाकायला लागते, तिथून पुढे एक पाऊलही टाकू नका. आमच्यातला एकजण मांडीपर्यंत रुतला होता. ओढून काढला, बूट अजून तिथंच आहे. कुणी रुतलंच तर उभ्यानं पाय उपटायची धडपड नको. मागे झोपल्यासारखं होऊन वजन पसरा, एकेक पाय हळूहळू मोकळा करा, आणि इतरांनी काठी किंवा पंचा लांबूनच द्यावा.

पाणी हटलेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात: हरभरा, गहू, काकडी, टरबूज. ती रिकामी जमीन नाही, कुणाचं तरी वर्षाचं पीक आहे. बांधावरून चाला, विचारून चाला. मासेमारांच्या जाळ्यांवरून आणि दोरांवरून जाऊ नका. त्यांच्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसून 'जरा आत' जायचा मोह होतोच. बसू नका. त्यांचं आयुष्य पाण्यावर गेलंय, तुमच्या अंगावर जीवरक्षक जाकीटही नाही.

उसाच्या फडातून जाणाऱ्या वाटेवर अंधारात एकट्यानं पायी जाऊ नका. बिबट्याचा वावर या पट्ट्यात आहे. चार जण बोलत, बॅटरी लावून जा, किंवा उजाडेपर्यंत गाडीत बसा.

अभयारण्य असल्यामुळे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा इथं लागू आहे. आत फिरण्याच्या परवानगीची आणि शुल्काची चौकशी वन्यजीव विभागाच्या स्थानिक कार्यालयात आदल्या दिवशी करा, नियम बदलत असतात. या कायद्यानं पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना धक्का लावणं हीसुद्धा शिकारच ठरते, हे मुलांना आधी समजावून सांगा. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका. धरणाची भिंत हा वेगळाच विषय: सुरक्षेचा भाग आहे, परवानगीशिवाय वर जाता येत नाही आणि तिथल्या पहारेकऱ्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

वहीत काय लिहायचं

मोजणी आली पाहिजे. पाचशे वारकरी एकेक करून मोजता येत नाहीत. आधी दहा नीट मोजा, ते दहा केवढी जागा व्यापतात ते डोळ्यात बसवा आणि मग तो दहाचा गठ्ठा थव्यावर पुढे-पुढे ठेवत जा. दोघांनी वेगवेगळं मोजून आकडे ताडून बघा. सुरुवातीला निम्म्यानं फरक पडतो, लाजू नका. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. हात बसला की तिथं तुमचे आकडे कामाला येतात.

नोंद घरी गेल्यावर करायची नाही, तिथंच, बोनेटवर वही ठेवून. नाव नाही कळलं तर पायाचा रंग, चोचीचा आकार, शेपटीची हालचाल लिहा, वेडंवाकडं चित्र काढा. आणि पक्ष्यांच्या आधी, पहिल्या ओळीत, पाणी लिहा. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

'११ फेब्रुवारी, सकाळी ६.५० ते ९.४०. सोनेवाडीची बाजू. पेपरातली पातळी १५१५ फूट. वाकड्या बाभळीपासून पाणी २३० पावलं लांब. वारा नाही, थोडं धुकं. वारकरी अंदाजे ४००, थापट्या ७०, शेकाट्या ११०, चमचा ९, हळदी-कुंकू ४. रोहित नाहीत. मामा म्हणाले, परवा होते, पलीकडे गेले. गाडी देवळापर्यंतच जाते, पुढे चिखल.'

पुढच्या वर्षी पेपरात १५१५ वाचलं की मी बाभळीपाशी जातो. आकडा त्याहून वर असेल तर टपरीवर आणखी एक चहा घेतो आणि मामांना विचारतो.